पिशवीतला ब्रश

माझे दात घासायचे ब्रश दोन.
एक घरी बेसिनवर, एक निळ्या पिशवीत.
पिशवीतलाच जास्त झिजलाय.

बाकी बस्तान बसलंय आता:
बिनलेसचे बूट, केसांत धातूची पिन नाही,
बाटली रिकामी न्यायची, आत गेल्यावर भरायची.
मे महिन्यात दुपारचं विमान घ्यायचं नाही,
खालून उन्हाच्या झळा ढुसण्या मारतात.
लोणचं तर नाहीच.
एकदा तपासणीत उईके मॅडमनी बरणी उचलून धरली,
‘तेल छान सुटलंय हो,’ म्हणाल्या,
आणि ठेवून घेतली.
तेव्हापासून दर सोमवारी पहाटे विचारतात,
‘आज काय नाही आणलं?’
सोनेगावच्या त्या रांगेत
माझी वाट पाहणारं कुणीतरी आहे.

येताना खिडकी डावीकडची, पंखाच्या पुढची.
तिथून अंबाझरी दिसतो,
एवढ्या दिव्यांत तेवढाच काळा.

जयताळ्याच्या गच्चीवरून निहार
दर गुरुवारी रात्री टॉर्च हलवतो.
‘दिसली?’
‘दिसली तर!’
तीन वर्षं खोटं बोलतेय मी.

परवा मेली सीटच चुकली, उजवीकडची मिळाली.
चाकं बाहेर पडल्याचा धक्का बसला
आणि खाली, कूलर आणि टाक्यांच्या मधून
एक दिवा वेड्यासारखा हलत होता.
असेल कुणी गच्चीवर चप्पल शोधत.

‘दिसली?’
‘हो’ म्हणायला मला जरा वेळ लागला,
आणि त्याला पहिल्यांदाच
ते खरं वाटलं नाही.

या गुरुवारचं तिकीट काढलंय.
उजवीकडची.