झाकली मूठ

बोटांना सवय झाली होती.
के आणि आर दाबलं की आपोआप उमटायचं:
'काइंड रिगार्ड्स, शाल्मली ओगले,
फिरतं ग्रंथालय विभाग, शेफील्ड.'
के, आर आणि आणखी एक आर दाबलं की
उमटायचा वकीलबाईंसाठी घोटून ठेवलेला मजकूर,
कारण तेच ते दर आठवड्याला नव्यानं लिहिताना
हात कापायचा:
'माझे पती अकरा फेब्रुवारीपासून या पत्त्यावर राहत नाहीत.
मुलगी माझ्याकडे आहे. कुलूप बदललं आहे.'
आद्याक्षरं त्याची. निवडली मीच.
तेवढा आळस अंगाशी आला.

मंगळवार. स्क्रीन माझी, चौकटींत नऊ तोंडं.
स्टॅनिंग्टनला पुस्तकांची गाडी गुरुवारी जाणार की शुक्रवारी
हे मी सगळ्यांदेखत लिहीत होते.
खाली सही करताना बोट अडखळलं,
एक आर जास्त पडला.
दूध उतू जातं तसं झालं.
आच बंद करेपर्यंत
तारीख, मुलगी, कुलूप,
सगळं ओट्यावर.

पुसायला चार सेकंद लागले असतील.
चार सेकंदांत माणूस किती वाचतो
ते रात्री घड्याळ हातात धरून पाहिलं.
मी 'मुलगी'पर्यंत पोचते.
ट्रेवर भरभर वाचतो.

तो एवढंच म्हणाला, 'तर मग, शुक्रवार.'
कुणाच्या तरी घरात कुत्रं भुंकलं.
त्याचे उपकार.

संध्याकाळी ग्लेनिसचा फोन,
निवृत्तीला आठ महिने उरलेली, संगणक विभागातली.
विचारलं काहीच नाही.
म्हणाली, 'सेटिंग उघड. खाली जा. अजून खाली.
त्या मजकुरापुढे "लपवा"वर खूण कर.
स्क्रीन दाखवशील तेव्हा नुसते ठिपके दिसतील.
आणि इतकं आखूड नाव ठेवू नकोस त्याला,
चुकून लिहिलं जाणार नाही असं काही ठेव.'
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
'म्हणजे पौंडांत किती?'
हजारभर, मी म्हटलं,
आणि दोघी हसलो, जरा जास्तच.

क्रुक्सच्या उतारावर गारा पडत होत्या.
गाड्या जपून, एकेक करून उतरत होत्या.
माझ्या हातून चुकूनही लिहिला जाणार नाही
असा शब्द मी बराच वेळ शोधला.
शेवटी 'वांगीभात' ठेवला.
त्याला आवडायचा.

परवा ग्लेनिसची पाळी होती.
वाचकांची संख्या, गेल्या वर्षीची, यंदाची,
आणि मध्येच तिचं बोट कुठेतरी चुकलं.
पडद्यावर ठिपके आले,
चांगले दीड ओळ,
रांगोळीआधी घालतात तसे,
सरळ, सारख्या अंतरावर.
जोडून पाहावेत इतके.

मी खिडकीकडे वळले.
साखर नसलेला चहा
बराच वेळ ढवळत राहिले.