छत्री कुठल्या हातात होती

एकोणीस वर्षं मी पिनार देल रिओतल्या एका लांबट दालनात
लाकडी चौथऱ्यावर बसून मोठ्यानं वाचते आहे.
सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी.
खाली ऐंशी जण चिरूट वळतात.
त्यांच्या हातात पान, माझ्याही हातात पान;
त्यांचं ओलसर, माझं कसरीनं खाल्लेलं.

पुस्तक मतांनी ठरतं.
एउसेबिओ दर वेळी हात वर करून बजावतो :
"बाई, आभाळबिभाळ गाळा. घडलं काय ते सांगा."
त्याला खून हवा, पळापळ हवी, दाराआड कुणीतरी हवं.
हेर्मेनेहिल्दा म्हणते, "घडायचं ते घडू दे मेलं,
तो पाव कसा मोडतो, तेवढं पुन्हा वाचा."
या भांडणात किती पानं वळून झाली, मोजदाद नाही.

त्या वर्षी कव्हर फाटलेलं एक पुस्तक निवडून आलं.
त्यात बेलिसारिओ, घड्याळं दुरुस्त करणारा.
कुणाची पै अंगावर ठेवायचा नाही.
उसना घेतलेला खिळा परत द्यायला
एकदा दोन गावं चालत गेलेला.
शेवटून दुसऱ्या प्रकरणात माणसं त्याच्या मागावर आहेत,
धक्क्यावर बोट भोंगा देते आहे,
आणि त्याच्या हातात घरमालकिणीची छत्री.
तो मागे वळतो.
छापलं होतं तसं. आदल्या रात्री घरी वाचून ठेवलं होतं मी.

पण तिसऱ्या रांगेत कान्देलारिया बसते.
तिचा लेक मार्चमध्ये रात्रीचा समुद्रावर गेला,
टायरच्या ट्यूबा एकीला एक बांधून, आणखी चौघांबरोबर.
तेव्हापासून टपालवाला तिच्या दारावरून
सायकल जोरात दामटतो.

म्हणून मी बेलिसारिओला बोटीत चढवलं.
डोळे पानावर, तोंडात भलतंच.
वारा घातला, पलीकडच्या बंदराचे दिवे घातले.
आवाज कापला नाही.

एरवी प्रकरण संपलं की पाती फळ्यांवर वाजतात,
ऐंशी पात्यांचा ठेका, छातीत घुमणारा.
त्या दिवशी एकही नाही.
मग एउसेबिओ,
घडण्याचा भुकेला एउसेबिओच उठला :
"खिळ्यासाठी दोन गावं तुडवणारा माणूस
दुसऱ्याची छत्री घेऊन बोटीत बसेल होय?
बाई, हा आपला बेलिसारिओ नव्हे.
कुणीतरी दुसराच चढलाय."

मी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला.
कान्देलारिया मान वर न करता म्हणाली,
"आहे ते वाच गं."

वाचलं. तो वळला. छत्री दाराला टेकवली.
दोन गोळ्या, अर्धं पान, संपलं.

आता विचारा कुणालाही, त्याला मारलं कुणी, कशापायी,
एउसेबिओलासुद्धा सांगता यायचं नाही.
पण उसनी काडेपेटी कुणी खिशात घातली
की चार टेबलांवरून ओरडा येतो : "छत्री!"

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ती मागे थांबली होती.
बोटांवरचा तंबाखूचा चीक खरवडत म्हणाली,
"छत्री कुठल्या हातात होती त्याच्या?"
पुस्तकात नव्हतं.
मी म्हटलं, "डाव्या."
"हं," ती म्हणाली. "डावखुराच तो."
आणि पिशवी उचलून
दिवे मालवायच्या आत निघून गेली.