टाळूचा साचा

शरणपूर रोडवर नाफडे डॉक्टरीणबाईंनी
शार्दूलच्या टाळूचा साचा माझ्या हातावर ठेवला.
पांढरा, अरुंद, उंच गेलेला,
चंबूच्या गळ्यासारखा.

“तोंडाने श्वास घेतो. जीभ खाली पडून राहते.
टाळू रुंदावणार कशाने?”

हे मला नव्याने कशाला सांगायचं!
तांबट आळीत जन्म गेला.
भांड्याचं पोट आतून ठोकून काढतात,
नाहीतर पत्रा आपल्याच मनाने वागतो.

पण जीभ म्हणजे काही हातोडी नव्हे.
नुसती टेकून राहिली,
तरी हाड तिचं ऐकतं म्हणे.

रात्री त्याचे ओठ मिटवून पाहिले.
नाक चोंदलेलं;
घुसमटला, पुन्हा आ वासला.

आठ वर्षं हा असाच झोपतो,
आणि मी पांघरूण सारखं करत
म्हणायचो,
दमलंय पोर.