चेकनट

गाडी मकरपुऱ्याला सोडायची होती, आदल्या रात्री
अंगणात सतरंजी टाकून पुढच्या चाकामागे आडवा झालो
आणि ऋजुता माहेरपणाला आली तेव्हा विसरलेल्या नेलपेंटने
उजव्या टाय-रॉडच्या चेकनटवर रेघ ओढली.
नटावरून रॉडवर, सलग.
नट जरासा जरी फिरला
तरी रेघ तुटणार.
डाव्या बाजूला गुडघा वाकेना. ते राहिलं.

शरयू ओट्यावरून म्हणाली, "काय रंगवताय?"
म्हटलं, पुरावा.
"रिटायर झालात ना?"

बत्तीस वर्षं तोलमाप खात्यात.
पादरा, डभोई, सावली, करजण.
जिनातल्या काट्यापासून सोनाराच्या गुंजेपर्यंत
सगळं कमीच भरणार असं धरून मोजायचं.
ही सवय ऑफिसात ठेवून येता येत नाही.
गॅसचा बाटला मी अजून उचलून बघतो,
दूधवाला माझ्या दारात
दोन बोटं जास्तच ओततो.

संध्याकाळी कनुभाईनं कागद दिला.
"थई गयुं, साहेब. तीर जेवी सीधी जशे."
आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे.
मी गाडीचा नंबर पाहिला: माझाच.
वेळ पाहिली: सव्वाचार.
मग सगळ्यांदेखत वाकून
मोबाइलचा उजेड आत टाकला.

रेघ सलग होती.

खरं सांगतो, मला आनंद झाला.
पकडल्याचा तो जुना आनंद,
जीप बाजारात शिरताच शटरं पडायची, तेव्हाचा.
आवाज आपोआप तसाच लागला:
नट फिरवलाच नाहीत तुम्ही. सहाशे रुपये कशाचे?

कनुभाई चहा पीत राहिला.
विरल नावाचा पोरगा, मिसरूडही नीट न फुटलेला,
पलीकडून गाडीखाली सरकला.
"काका, आ बाजु जुओ."
गुडघा वाकला. वाकवला.
डाव्या नटावरचा गंज फुटलेला,
आटे साबणाने धुतल्यासारखे, पान्याच्या खुणा चकचकीत.
उजवी बाजू जागेवरच होती म्हणाला,
वाकडी डावीच, म्हणून तर
तुमचं स्टीअरिंग कललं होतं.
आणि मग माझ्या रेघेवर अंगठा ठेवून,
"आ लाल शुं छे?"

मी म्हटलं, काही नाही.
पैसे दिले. सुटे परत घेतले नाहीत.

परतताना, लालबागच्या सिग्नलला,
डभोईचा मे महिना आठवला, एक्क्याण्णवचा.
शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली रांग,
व्यापारी, त्यांची पोरं, पोत्यातली वजनं,
आणि प्रमाण-तराजूला हात लावला तर चटका.
दुपारी तीननंतर मी तराजू उघडाच ठेवला
आणि नुसते ठोकत गेलो.
शिशावर पंच, पंचावर हातोडी,
पाच किलो, दोन किलो, पाच किलो.
चाळीसेक तरी असतील.
त्या वजनांनी वर्षभर
कुणाकुणाला मिरच्या मोजून दिल्या असतील.
बरोबरही असतील.
माझ्या हातोडीला कुणी रेघ ओढली नव्हती.

आज पहाटे शरयूला घेऊन पादरा रोडवर गेलो.
रस्ता मोकळा, चाळीसचा वेग,
दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलले.
एक, दोन, तीन. ती म्हणाली, "हात धरा."
सात, आठ.
गाडी सरळ. नऊ, दहा.
अकराला कळेल न कळेल अशी
डावीकडे झुकली.

आता रस्ते मधे उंच बांधतात,
पाणी कडेला जावं म्हणून,
त्यामुळे सरळ गाडीही डावीकडे जाते. हे मला ठाऊक आहे.
न केलेलं अलाइनमेंटही असंच जातं.
हेही.

हात परत ठेवले.
शरयूनं दार घट्ट धरलं होतं, ते सोडलं
आणि विचारलं, "मग? केलंय का त्यांनी?"
पुढे एका टपरीवर शेवउसळ मिळते,
म्हटलं, आधी खाऊन घेऊ.