थर्माकोलची बाग

भांडुपच्या मासळीबाजारात
चांगुणाकडे दोन रिकामे खोके मागितले.
"नुसते खोके? बांगडे पण ने." तेही आणले.
स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवून
बुडाला सात भोकं पाडली,
आठवं चुकून.

ग्रिलमध्ये माती भरताना
निम्मी गेली खाली, खरकरांच्या वाळत्या पायजम्यावर.
ते काही बोलले नाहीत.
झटकल्याचा आवाज तेवढा आला,
जरा जास्तच वेळ.

भिंतही मीच रंगवली.
डब्यावर लिंबू होतं,
भिंतीवर कावीळ झाली.

कढीपत्ता मात्र लागला.
मातीला अजून बांगड्याचा वास,
एक बोका रोज येऊन
रोपासमोर बसतो, श्रद्धेने.

काल खालून काठी वर आली,
टोकाला कपड्यांचा चिमटा:
"चार पानं लावा हो,
तेल तापलंय."