एच म्हणजे हात लावू नको

वर्षाचा आकडा पुण्याहून येतो.
सगळ्यांच्या वर, एका चौकोनात, एकटाच:
अठ्ठेचाळीस हजार कूलर.
खाली बारा महिने, नऊ डेपो,
बारा नवे एकशे आठ रिकामी ताटं
पंगतीला बसलेली.

माउस घेऊन एकेकाला वाढत बसलं
तर लोकमान्य नगरची शेवटची मेट्रो जाते.
लांजेवार सर म्हणायचे, माउस म्हणजे चमचा.
कीबोर्ड म्हणजे कमरेला पंचा खोचलेला वाढपी,
तो बघत नाही कोण बसलंय,
फक्त रांग बघतो.

आकडा, अक्षर, बाण, एंटर.
बाण जिकडे, वाटप तिकडे.

अक्षरं त्यांनी तीनच शिकवली.
एस म्हणजे सारखं.
पी म्हणजे प्रमाणात.
एच म्हणजे हात लावू नको.
इंग्रजीत अर्थ वेगळे असतील, म्हणाले,
आपल्याले काय करायचं त्याचं.

पहिल्या दिवशी मी एस मारला.
अठ्ठेचाळीस हजार, एस, बाण उजवीकडे,
आणि पापणी लवायच्या आत
जानेवारीच्या ताटात चार हजार कूलर.
सर हसले नाहीत. उठून खिडकी उघडली.
खाली एमआयडीसीच्या गेटवर
वॉचमन खोक्याची पुठ्ठी जाळून शेकत होता.
त्याले वीक एक, म्हणाले.

मग पी.
पी मागच्या वर्षाची सावली बघून वाढतो.
मे महिना तिसरा हिस्सा ओढून घेतो,
ऑगस्ट शितं वेचतो.
कुणाला तक्रार नसते, हिशेब जुळतो,
फक्त अधूनमधून पुसदच्या वाट्याला
एक्केचाळीस पूर्णांक सदतीस शतांश कूलर येतात,
म्हणजे एक्केचाळीस,
आणि एक ज्याला ताटी आहे, पंखा नाही.

आलापल्लीचा डेपो दिवाळीला उघडला.
म्हणजे मागचा उन्हाळा त्याने पाहिलेलाच नाही.
म्हणजे शून्य.
शून्याला प्रमाणात दिलं की शून्य,
अठ्ठेचाळीस हजारांतून दिलं तरी,
अठ्ठेचाळीस लाखांतून दिलं तरी.

सुगंधा आत्रामचा फोन आला.
मॅडम, आमच्या रांगेत निरंक काहून दिसून राहिलं?
मी प्रमाण समजावलं. सावली समजावली.
ती ऐकत होती, तिच्या मागे कुणीतरी
वाळ्याच्या ताटीवर बादलीने पाणी मारत होतं,
त्याचा आवाज येत होता.
मंग इथं ऊन नाही पडत का, म्हणाली.
एक तरी टाका न, बाप्पा.

एक टाकला असता तर एकच मिळाला असता.
पी उदार नसतो.
मी विचारलं, लाइट किती तास असते?
येते-जाते. ऊन मात्र जात नाही.
दुकानं किती? होस्टेल किती?
तिने बोटांवर मोजलं असावं, मधे थांबत होती.

मे महिना, आलापल्ली: तीनशे.
एच.
घराच्या कोपऱ्यात एवढंसं कुलूप उगवलं.
मग वरून पुन्हा सगळं ओतलं, पी, बाण खाली.
नागपूरचे ब्याण्णव गेले, यवतमाळचे एकतीस,
बाकीच्यांचे इथून दोन, तिथून चार.
कुणी फोन केला नाही.
बेरीज अठ्ठेचाळीस हजारच राहिली
आणि पुणे फक्त बेरीज बघतं.

तीनशेच का, हे सरांनी विचारलं असतं
तर मला सांगता आलं नसतं.
ते आता मानेवाड्याला राहतात,
बिलांच्या पाठकोऱ्या बाजूला
नातीला पाढे लिहून देतात.

जूनमध्ये खरे आकडे आले.
आलापल्ली: एकशे सत्त्याऐंशी.

तीनशे नाही झाले. मीटिंगमध्ये ते लाल दिसलं,
आणि मला उभं राहून बोलावं लागलं.
काय बोलले ते आठवत नाही.
पण पुढच्या जानेवारीत पुण्याहून आकडा येईल,
मी पी मारीन,
आणि कुलूप न लावता
पी तिला ओळखेल.