थेंब

आमच्या गल्लीत पाणी कधी येणार
हे दोघांनाच ठाऊक :
लक्ष्मीटेकच्या टाकीला, आणि लुमाण्णा वॉलमनला.
लुमाण्णाच्या सायकलीला आडवी बांधलेली लोखंडी चावी,
माणसाएवढी.
तिचं टोक रस्त्यावर घासत आलं
की वडगावातल्या बायका माग बंद करून उठतात.

मला वाटलं, एवढंच तर आहे.
त्यानं चावी फिरवायची, बटण दाबायचं,
चारशे घरांत फोन वाजायचा.
दीड वर्ष झालं त्या ‘एवढंच’ला.

दिवसा मी उद्यमबागेत फौंड्रीची चलनं लिहिते.
रात्री अकरानंतर, शेजारचे माग थांबले की
उघडते कॅम्पातून आणलेला जुना लॅपटॉप.
त्याचं ल आणि ळ चं बटण निघालेलं.
लुमाण्णा, बेळगाव,
दोन्ही कॉपी-पेस्ट.

फी पंचवीस डॉलर. माझं कार्ड म्हणालं,
मी देशाबाहेर जात नाही.
म्हापशाच्या मावसभावानं भरले
आणि विचारलं, यातून सुटतात किती गं?

मग अट आली : बारा माणसं, चौदा दिवस, सलग.
वापरून बघायचं, मधेच काढायचं नाही.
जेवणाचं आमंत्रण द्यावं तशी दारोदार फिरले.
शट्टुप्पा पिग्मीवाला, दुधाची लगमव्वा, तिच्या दोन सुना,
निलोफर, जिला तिन्ही भाषांतल्या चुका सापडतात,
आणि भरमामामा,
ज्याला वाटलं मी कसलीतरी भिशी काढलीय.

नवव्या दिवशी मामाच्या फोनात जागा संपली.
त्यानं माझंच काढलं.
‘बाकी सगळे सौंदत्तीचे फोटो हैत गं. देवीला कसं काढू?’
बरोबर होतं त्याचं.
अकरा राहिले.
तेरावा माणूस शोधला,
आणि मोजणी परत एकपासून.

अर्जात एक रकाना : मुख्य भाषा.
एकच निवडा.
मी उठून चहा करून आले.
पाट्यांवरचं डांबर बघत मोठी झालेय मी,
कुठलं अक्षर कुणाच्या वर बसलं
की कुठलं दुकान बंद होतं, पाठ आहे मला.
रकान्यात काय भरलं ते सांगत नाही.
बटणावरचे शब्द मात्र काढून टाकले,
नुसता थेंब ठेवला.
निलोफर म्हणाली, बरा आहे,
खरं तेलाचा वाटतोय.
निळा केला.

आणि लुमाण्णा.
त्याला दिलेला फोन त्यानं दुधाच्या पिशवीत गुंडाळला,
खिशात ठेवला, चार दिवसांनी परत आणून दिला.
‘चावी दोन हातांनी फिरवावी लागते बाई.
तिसरा कुठला आणू?’
माझ्या सगळ्या आकृत्यांमध्ये
तो हात कुठंच नव्हता.

शेवटी ठरलं, मिस्ड कॉल.
वॉल उघडायच्या आधी एक रिंग,
त्याच्या जुन्या बटणवाल्या फोनवरनं.
दीड वर्षाचं सगळं त्या एका रिंगेवर टांगलं.

बुधवारी दुकानात लागलं.
गुरुवारी पहाटे पावणेचारला रिंग आली असणार,
एकशे सहा फोन वाजले असणार.
मी झोपले होते, माझा सायलेंटवर.
उठले ते आईच्या हाकेनं :
‘नळ वाहतोय की! घागर तरी लाव.
आणि म्हणे फोन सांगणार!’

घागर लावली. परकर भिजवून वर आले
तर पहिला अभिप्राय. एक तारा.
‘पाणी आलं नाही.’
एवढंच. नाव नाही, फोटोच्या जागी एक मोटरसायकल.

आधी लिहिलं, पाणी माझ्याकडे नसतं हो.
पुसलं.
मग लिहिलं, टाकीला विचारा.
तेही पुसलं.
चढाच्या शेवटच्या घरांना
लुमाण्णाचं पाणीसुद्धा पोचत नाही, हे त्यानंच सांगितलेलं,
आणि मी ते कुठंही लिहून घेतलं नव्हतं.

खाली घागर भरून वाहायला लागली.
मी टाइप करत होते : आपण कुठल्या गल्ली…
ल नाही.
लुमाण्णाच्या नावातनं एक उचलला.